नारायण पेठेत बेतलेले अठराव्या शतकातले जाकीट

पुण्यात जुन्या युरोपीय धर्तीचे कपडे हवे असले तर आजवर दोनच वाटा होत्या. ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणायचे, नाहीतर परदेशी कागदी पॅटर्न मागवून स्वतः खटपट करायची. नारायण पेठेत एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावर चालणारे, दारावर पाटीसुद्धा नसलेले एक घरगुती शिवणघर ही तिसरी वाट आहे. तिथून शिवून घेतलेल्या दोन जाकिटांवरून माझे मत असे झाले आहे की, कपडा अंगावर बेतण्याच्या बाबतीत ही वाट पहिल्या दोहोंपेक्षा कितीतरी सरस आहे; आतली शिवण आणि कापडाची निवड या दोन गोष्टींकडे मात्र गिऱ्हाइकाने स्वतः डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे. शिवणघर चालवणाऱ्या काकूंना आपले नाव आणि फोन नंबर असा सर्वत्र फिरायला नको आहे, म्हणून तो तपशील इथे नाही. पेठेतल्या नाटकवाल्यांपैकी कोणालाही विचारले तर पत्ता मिळतो.

आमच्या हौशी गटाने अठराव्या शतकातल्या एका इंग्रजी विनोदी नाटकाचे मराठी रूपांतर बसवले. काळ १७७० च्या दशकातला, पात्रे घरातली, आणि प्रयोग सुदर्शन रंगमंचावर. तिथे प्रेक्षक इतका जवळ बसतो की नटीच्या बाहीची शिवण त्याला बसल्या जागेवरून दिसते. भाड्याच्या ड्रेपरीत ‘इंग्रज बाई’ म्हणून जो पोशाख मिळतो तो मखमलीचा, सोनेरी लेस लावलेला, पाठीत चेन असलेला झगा असतो, आणि तोच झगा राणी व्हिक्टोरियालाही चालतो व परीकथेतल्या सावत्र आईलाही. मोठ्या नाट्यगृहात, दुरून, त्यावर भागते. सुदर्शनला पाठीतली चेन दिसली की प्रेक्षक नाटकातून बाहेर आलाच म्हणून समजा. आम्हाला मालकिणीसाठी एक आणि मोलकरणीसाठी एक अशी घरगुती वापराची दोन जाकिटे हवी होती.

अठराव्या शतकातली युरोपीय स्त्री म्हटली की दोन्ही बाजूंना फुगवलेला दरबारी झगा डोळ्यांपुढे येतो. तो रोजचा वेश नव्हता. स्वयंपाकघरात, बाजारात, सकाळच्या वेळी घरात आणि प्रवासात बायका नितंबांपर्यंत किंवा मांडीपर्यंत येणारे जाकीट आणि त्याखाली नाडीने बांधलेला घेरदार परकर घालत. आपल्याकडची परकर-पोलक्याची जोडी आठवली तर कल्पना बरोबर येते. स्विस चित्रकार झां-एतिएन ल्योतारने १७४४ च्या सुमारास पेस्टलमध्ये काढलेले, चॉकलेटचा पेला घेऊन जाणाऱ्या दासीचे चित्र ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे. त्या दासीचे पिवळसर जाकीट, करडा परकर आणि पांढरा एप्रन हा त्या वेशाचा उत्तम नमुना आहे. प्रकार अनेक होते. नुसता एक लांबरुंद कपडा खांद्यावर दुमडून, बाह्या धडाबरोबरच कापून, बाजूंना थोड्या चुण्या घालून शिवलेला सैल बेडगाऊन कष्टकरी बायका वापरत आणि तो पुढे एकावर एक घेऊन एप्रनच्या नाडीने आवळत. अंगाला घट्ट बसणारे आणि कमरेखाली झालर सुटणारे काराको हे वरच्या घरातही चाले. पाठीवर खांद्यापासून मोकळ्या चुण्या सोडलेले पे-तां-लेर म्हणजे मोठ्या झग्याचीच कापून आखूड केलेली आवृत्ती. प्रवासासाठी टोपीवाले ब्रन्सविक होते आणि १७८० च्या दशकात मागे शेपटीसारखी झालर असलेले तंग पिएरो आले. आम्ही मालकिणीसाठी काराको आणि मोलकरणीसाठी बेडगाऊन ठरवला.

काकूंकडे गेल्यावर मी आमच्या नटीचा मापाचा ब्लाउज पुढे केला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. “ब्लाउज नको, घालणारी बाई आण. आणि आत काय घालणार आहे ती?” हा दुसरा प्रश्न ऐकला तेव्हाच या बाईंना काम कळते अशी माझी खात्री पटली, कारण या जाकिटांचे सगळे गणित आतल्या कपड्यावर उभे असते. त्या काळी अंगाला लागून लिननचा सैल अंगरखा आणि त्यावर व्हेलच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या घातलेली, दोरीने आवळायची ताठ चोळी घातली जाई. त्या चोळीमुळे धडाचा आकार उलट्या शंकूसारखा होतो: छाती वर उचललेली व समोरून सपाट, कंबर गोल, पाठ ताठ, खांदे मागे. आपल्या ब्लाउजला छातीशी टक्स घालावे लागतात, कटोरी काढावी लागते. या जाकिटांना छातीशी एकही टक्स नसतो, कारण उभार झेलण्याचे काम आतल्या चोळीने आधीच केलेले असते. आजच्या अंतर्वस्त्रांवर हे जाकीट चढवले तर छातीवर ओढ बसते आणि कमरेशी कापड फुगते. परदेशी पॅटर्नवरून घरी शिवलेल्या जाकिटांत जो दोष वारंवार दिसतो तो बहुतेक वेळा पॅटर्नचा नसून ताठ चोळी न शिवण्याचा असतो.

म्हणून काकू आधी ताठ चोळी शिवतात आणि ती झाल्याशिवाय जाकिटाला हात लावत नाहीत. व्हेलच्या पट्ट्यांच्या जागी त्या तपकीर गल्लीतून आणलेले जाड केबल टाय, म्हणजे वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, वापरतात. हे ऐकून नाक मुरडण्याचे कारण नाही. वजन, लवचीकता आणि रुंदी या तिन्ही बाबतींत जाड केबल टाय चोळीला चांगला बाक देतात आणि जगभरातले हौशी शिवणकार तेच वापरतात. दोन थरांच्या मांजरपाटात अरुंद खाचा शिवून त्यांत एकेक टाय सरकवला जातो आणि टोके कापून घासून घेतली जातात. ही घासण्याची पायरी काकू काटेकोरपणे करतात. टोक बोचले तर नटी दुसऱ्या अंकापर्यंत उभी राहू शकत नाही.

त्यानंतरची फिटिंग पाहण्यासारखी होती. नटीला ताठ चोळी आवळून उभे केले आणि काकूंनी धुऊन आटवलेले मांजरपाट थेट तिच्या अंगावर टाकले. आधी पाठ. पाठीच्या मधोमध कापडाची कड धरून त्यांनी टाचण्या लावल्या, कमरेशी अंगठ्याने दाबून घडी घेतली आणि खडूने रेघ ओढली. मग पुढचे दोन भाग, मग बाजूची शिवण, जी या काळच्या कपड्यांत काखेच्या बरोबर खाली नसून बरीच मागे सरकलेली असते. खांद्याची पट्टीही खांद्याच्या माथ्यावर न राहता पाठीकडे उतरते. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोल जागा, त्यांनी काखेत इतका वर घेतला की नटी कुरकुरली. काकू शांतपणे म्हणाल्या, “हात वर कर.” तिने केला, आणि जाकिटाचा खालचा भाग जागचा हलला नाही. मुंढा खोल कापला की हात उचलताच अख्खे जाकीट वर चढते. लहान आणि उंच मुंढ्यात हात मोकळा राहतो. आजच्या सैल कपड्यांच्या सवयीला हे उलटे वाटते, पण याच मुंढ्यामुळे त्या काळच्या बायका असल्या जाकिटात भांडी घासू शकत आणि गाईही पिळू शकत.

या पद्धतीला इतिहासाचाही आधार आहे. अठराव्या शतकात कागदी पॅटर्न घेऊन सहसा कोणी शिवायला बसत नसे. अस्तर आधी गिऱ्हाइकाच्या अंगावर बेतायचे आणि मग वरचे किमती कापड त्या अस्तरावर लावायचे अशी रीत होती. बायकांचे झगे आणि जाकिटे शिवणाऱ्या बहुधा बायकाच असत. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळी १६७५ साली त्यांच्या स्वतंत्र संघाला मान्यता मिळाली, पण ताठ चोळ्या मात्र बराच काळ पुरुष शिंप्यांच्याच हातात राहिल्या. काकूंनी हे कुठे वाचले आहे असे मला वाटत नाही. आयुष्यभर नऊवारीवरच्या चोळ्या अंगावर बेतून शिवल्याने त्यांना ती रीत हाताने ठाऊक आहे. त्यांनी फिटिंगचे मांजरपाट फेकले नाही, तेच अस्तर म्हणून वापरले. हीही अगदी त्या काळची रीत.

काराकोची बाही हा या शिवणघराचा सर्वांत उत्तम नमुना म्हणावा लागेल. आजकालची बाही मुंढ्यात गोलाकार एकाच टिपेत बसवली जाते. त्या काळी बाहीचा काखेकडचा खालचा अर्धा भाग आधी उलटीकडून टीप घालून मुंढ्याला जोडत. मग वरचा अर्धा भाग, नटी तो अंगात घालून उभी असताना, अस्तराच्या खांद्यावर बसवून जास्तीचे कापड बारीक चुण्यांत मागच्या बाजूला सरकवत, आणि या सगळ्या कच्च्या कडा शेवटी वरच्या कापडाच्या खांदापट्टीने झाकून ती पट्टी वरून शिवून टाकत. काकूंनी चित्रावरून हे ओळखले आणि तसेच केले. खांद्यावरून बारकाईने पाहिले तर खांदापट्टीच्या कडेला मेण लावलेल्या दोऱ्याचे छोटे, किंचित वाकडेतिकडे टाके दिसतात, आणि तेच खरे दिसते. १८४६ साली एलायस हाऊने शिवणयंत्राचे पेटंट घेईपर्यंत आणि पुढच्या काही दशकांत ते घराघरांत शिरेपर्यंत सगळी शिवण हातानेच होई, आणि जिथे ताण पडत नाही तिथे साधा धावदोरासुद्धा चाले. फार सारखे, फार बारीक टाके घातले म्हणजे काम चोख, असे नाही.

आता उण्या बाजू.

पहिली तक्रार बेडगाऊनची. हे काम काकूंनी हाताखालच्या मुलीकडे सोपवले, आणि तिने लांब शिवणी मशिनवर मारून आतल्या कडांना सरळ इंटरलॉक केले. सैल कपडा, मोलकरणीचा, कोण आत पाहणार, असा हिशेब असावा. पण बेडगाऊनची बाही कोपराच्या वर दुमडूनच घातली जाते, आणि दुमडलेल्या बाहीवर पांढऱ्या इंटरलॉकची झिगझॅग पट्टी रंगमंचाच्या दिव्यात लखलखत होती. दाखवल्यावर काकूंनी वाद घातला नाही. बाह्यांचे इंटरलॉक उसवून, कड आत दुमडून हाताने हेम करून दिले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. धडाच्या आतले इंटरलॉक तसेच राहिले. ज्यांना संग्रहालयात ठेवण्याजोगी प्रतिकृती हवी आहे त्यांनी ‘मशिन नको, इंटरलॉक नको’ हे ऑर्डर देतानाच सांगावे, म्हणजे त्या तसेच करतात. शिलाई मात्र साहजिकच वाढते.

दुसरी उणीव कापडाची, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. काराको छिटाचे हवे हे मी सांगितले तेव्हा काकूंनी लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरमधून आणलेले कलमकारीचे तुकडे पुढे टाकले. गडद मातकट जमिनीवर गच्च, बारीक नक्षी. अठराव्या शतकात युरोपला वेड लावणारे छीट असे नव्हते. कोरोमंडल किनाऱ्यावर हाताने रंगवलेल्या त्या सुती कापडाची जमीन बहुधा पांढरी असे, तिच्यावर वळत जाणाऱ्या बारीक फांद्या आणि मोकळी मोठी फुले. तुरटीच्या मदतीने चायमुळीचा लाल, लोखंडाच्या मदतीने काळा, मेणाने बाकीचे कापड झाकून निळीचा निळा, आणि निळ्यावर पिवळा हात फिरवून हिरवा. हा पिवळा टिकाऊ नसल्याने संग्रहालयांतल्या जुन्या जाकिटांची पाने आज निळी दिसतात. शेवटी खळ देऊन कापड घोटले जाई, त्यामुळे त्याला रेशमासारखी चकाकी येई.

या कापडापुढे आपल्या लोकर आणि रेशमाच्या विणकरांचा धंदा बसेल या भीतीने फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत ठेवली. इंग्लंडने १७०१ पासून आयात रोखली, १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालणेच गुन्हा ठरवले, आणि हा कायदा १७७४ साली, म्हणजे इकडे पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला त्या वर्षी, मागे घेतला. डच लोकांनी अशी बंदी घातली नाही, म्हणून छिटाची सुरेख जाकिटे पाहायची तर नेदरलँड्समधल्या संग्रहालयांकडे वळावे. लेवार्डनच्या फ्रीस संग्रहालयात ती आहेत. बंदी असूनही फ्रान्स-इंग्लंडच्या बायका छीट चोरून घालतच राहिल्या, हा भाग वेगळा. आमच्या नाटकाचा काळ कायदा उठल्याच्या आसपासचा असल्याने मालकिणीच्या अंगावर छीट असणे म्हणजे ती नव्या वाऱ्याची आहे हे न बोलता सांगणे होते, आणि त्यासाठी गडद कलमकारी अगदीच चुकीची ठरली असती.

शेवटी कापड मीच शोधले. पांढऱ्या जमिनीवर लाल-निळ्या वेलबुट्टीचे, ठशांनी छापलेले सांगानेरी सुती कापड या छिटाला सर्वांत जवळ जाते. हाताने रंगवलेल्या छिटासारखी मोकळी मोठी वेल त्यात सहसा नसते आणि बुट्टे एकसारखे येतात, तरी तीन-चार फुटांवरून ते पटते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. चंदेरी-सोनेरी छपाई असलेले तुकडे बाजूला ठेवावेत. आणि कापड फार पातळ नसावे, कारण मलमलीत कमरेखालची झालर पडून राहते, उभी राहत नाही. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचे अडीच मीटर एका काराकोला पुरले. तांदळाच्या पेजेची हलकी खळ देऊन ओलसर असतानाच जोरात इस्त्री केल्यावर थोडी चकाकी आली. बेडगाऊनसाठी मात्र काकूंनी सुचवलेली जाडसर करडी खादी उत्तम निघाली. लोकर-लिननच्या मिश्र कापडाचा खरखरीतपणा तिच्यात आहे आणि पुण्याच्या उकाड्यात दिव्यांखाली उभे राहणाऱ्या मुलीवर ती दयाही करते. अस्सल लिनन लक्ष्मी रोडवर मिळते, पण शर्टाच्या पन्ह्यात आणि शर्टाच्या भावात.

बंद करण्याच्या पद्धतीवरून आमच्यात थोडा वाद झाला. त्या काळी काराकोचे पुढचे दोन काठ एकमेकांना भिडवून सरळ टाचण्यांनी लावत. बटणे मुख्यतः पुरुषी धर्तीच्या, घोड्यावर बसताना घालायच्या जाकिटांना असत. मला टाचण्या हव्या होत्या. काकूंनी विचारले, “विंगेत अंधारात कोण लावणार?” आणि आतून हुक लावून दिले, हुकांवर कापडाची अरुंद पट्टी ठेवून. दिसायला काठ भिडलेलेच दिसतात. हुकही त्या काळी वापरात होते, तेव्हा यात खोटे काही नाही. गळ्याशी त्रिकोणी पांढरा रुमाल खोचला की उरलेसुरले झाकले जाते.

आणखी एक गुण नोंदवायला हवा. काकू बाजूच्या शिवणीत आणि पाठीत भरपूर माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचे कापड, सोडतात. अठराव्या शतकात कापड महाग आणि शिलाई स्वस्त होती, त्यामुळे कपडे पुन्हा पुन्हा उसवून नव्या अंगाला बसवले जात, आणि जुन्या जाकिटांत बाहीला काखेत तुकडे जोडलेले सर्रास दिसतात. पुढच्या प्रयोगाला नटी बदलली तेव्हा याच मायेमुळे काराको बाजूंनी सोडवून देता आले. तयार मिळणाऱ्या पोशाखात हे शक्य नसते.

दर असे: ताठ चोळीची शिलाई साडेचार हजार, अस्तरासह काराको साडेपाच हजार, बेडगाऊन दोन हजार, कापड, केबल टाय आणि हुक आपले. चोळी एकदाच शिवायची असते आणि तिच्यावर पुढे कितीही जाकिटे बेतता येतात, म्हणून पहिल्या ऑर्डरचा आकडा पाहून घाबरू नये. संपूर्ण हाताने शिवून हवे असल्यास काराकोचे दीडपट धरावेत. पावती मिळते, पण वहीतल्या पानावर. आगाऊ रक्कम निम्मी द्यावी लागते.

वेळेच्या बाबतीत काकू शब्द पाळतात, पण शब्द देतानाच लांबचा देतात. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या हंगामात, लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधीचा महिनाभर त्या नवे काम घेत नाहीत, कारण नेहमीच्या ब्लाउजवाल्या गिऱ्हाइकांना त्या मागे ठेवत नाहीत. फिटिंगला नटीला स्वतः यावे लागते, तेही जेवणानंतर लगेच नाही. ताठ चोळी आवळायची असते. कापड धुऊन, आटवून न्यावे, चित्र मोठ्या आकारात छापून न्यावे आणि पाठीचे चित्र मिळत असेल तर ते अवश्य न्यावे. मोबाइलवर बोटाने मोठे केलेले चित्र त्या पाहत नाहीत.